कुणाच्या जागी? – 'स्टाटहाउडर' या डच पदनामाविषयी

डच भाषेची थोडीफार तोंडओळख असलेल्या वाचकाला 'स्टाटहाउडर' हा शब्द पहिल्याच भेटीत फसवतो. आजच्या डच भाषेत 'स्टाट' म्हणजे शहर आणि 'हाउडर' म्हणजे धरणारा, सांभाळणारा. तेव्हा शहर सांभाळणारा तो स्टाटहाउडर, म्हणजे कोतवाल किंवा नगराध्यक्ष यांच्या जातकुळीतला कुणी अधिकारी, असा सरळ हिशेब मनात तयार होतो. इंग्रजांनी तर हा शब्द उचलताना त्याचे स्पेलिंग जर्मन भाषेतल्या शहरवाचक शब्दासारखे करून टाकले आणि मागचा भाग इंग्रजी केला. 'स्टॅटहोल्डर' हे इंग्रजी रूप त्यामुळे ना धड डच, ना धड जर्मन, ना धड इंग्रजी. प्रत्यक्षात या पदाचा शहराशी नावापुरताही संबंध नाही. ज्या काळात हे पदनाम घडले त्या काळच्या डच भाषेत 'स्टाट' किंवा 'स्टेडे' या शब्दाचा अर्थ होता जागा, ठिकाण. शहर हा अर्थ त्याच शब्दाला नंतर चिकटला आणि मूळ अर्थाला त्याने हळूहळू बाहेर ढकलले. जर्मन भाषेने पुढे लेखनात भेद करून दोन अर्थ वेगळे केले, त्यामुळे जर्मन 'श्टाटहाल्टर' वाचताना असा घोटाळा होत नाही. डचमध्ये मात्र सापळा तसाच राहिला.

म्हणजे स्टाटहाउडर तो, जो जागा धरतो. कुणाची जागा? जो तिथे नाही त्याची. फ्रेंचांनी 'जागा' आणि 'धरणारा' हेच दोन शब्द जोडून 'लेफ्टनंट' घडवला. आपल्याकडे तो लष्करातून आणि पोलिसी खाक्यातून आला असल्यामुळे त्याचा मूळ अर्थ आपल्या कानाला ऐकूच येत नाही. पण कॅप्टन हजर नसताना त्याची जागा चालवणारा तो लेफ्टनंट, इतकी साधी ती गोष्ट आहे. पोपला डच भाषेत ख्रिस्ताचा 'स्टेडेहाउडर' म्हणतात तेही याच अर्थाने. शब्दाच्या पूर्वपदाची मुळे शोधत गेलो तर आपण आपल्याच अंगणात येतो. इंग्रजी 'इन्स्टेड'मधला 'स्टेड', जर्मन 'श्टाट', डच 'स्टाट' आणि संस्कृत 'स्थिति' ही सगळी एकाच इंडो-युरोपीय धातूची पिलावळ, तोच 'स्था'. तेव्हा 'स्थानधारक' असा प्रतिशब्द कुणी केला तर त्याचे पूर्वपद भाषांतर असेलच, शिवाय सोयरेही असेल.

मराठीत मात्र या कामासाठी 'स्थानधारक' असा कोरा शब्द घडवण्याची गरज नाही. नायब, मुतालिक असे फारसी-अरबी वळणाचे शब्द आहेत, आणि त्यांच्याहून जवळचा 'प्रतिनिधी' आहे. आज प्रतिनिधी म्हटले की आपल्याला लोकप्रतिनिधी आठवतो, कंपनीचा विक्री प्रतिनिधी आठवतो. पण मराठी राज्यात ते एक पद होते. राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ते निर्माण केले आणि अष्टप्रधानांच्याही वर त्याचा मान ठेवला. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले आणि औंध संस्थानचे अधिपती अखेरपर्यंत 'पंतप्रतिनिधी' म्हणवत राहिले. ज्यांचे ते प्रतिनिधी, त्या छत्रपतींचे साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. औंध संस्थान विलीन झाले १९४८ मध्ये. म्हणजे शंभर वर्षे या घराण्याच्या नावात प्रतिनिधित्व होते आणि ज्याचे प्रतिनिधित्व करायचे ते राज्य नव्हते. औंधला यातून काही पेच उद्भवला नाही, कारण वर इंग्रज बसलेले होते आणि 'प्रतिनिधी' हे तोवर जवळजवळ आडनाव झाले होते. नेदरलँडमध्ये हेच घडले, पण तिथे वर कुणीच नव्हते आणि शब्दही मेलेला नव्हता. तो प्रश्न विचारत राहिला, आणि त्याच्या उत्तरापायी माणसांची डोकी उडाली. या लेखात आम्हाला त्याविषयी लिहायचे आहे.

आरंभी या पदात काहीही गूढ नव्हते. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या ड्यूकांनी विवाह, वारसा, खरेदी आणि दंडेली अशा सर्व मार्गांनी आजच्या नेदरलँड आणि बेल्जियमचे प्रांत एकामागून एक गोळा केले. त्यांनी राज्ये जोडली, एक केली नाहीत. फिलिप द गुड हा ब्राबांटमध्ये ड्यूक होता, फ्लँडर्समध्ये काउंट होता, १४३३ पासून हॉलंड आणि झीलंडमध्येही काउंट होता. आणि प्रत्येक ठिकाणी तेथील स्थानिक सनदा, हक्क, रूढी पाळण्याची शपथ त्याने वेगवेगळी घेतलेली होती. एका माणसाला इतक्या खुर्च्यांवर एकाच वेळी बसता येत नाही. म्हणून जिथे धनी स्वतः नसेल तिथे त्याच्या जागी एखादा मोठा सरदार नेमायचा, त्याने प्रांतसभा बोलवायची, न्यायावर लक्ष ठेवायचे, शहरांच्या कारभाऱ्यांच्या नेमणुका करायच्या आणि गरज पडेल तेव्हा सैन्य चालवायचे. पद प्रांताचे, नेमणूक राजाची, मुदत राजाच्या मर्जीची. हे प्रांत बर्गंडीकडून हाब्सबुर्ग घराण्याकडे गेले तरी व्यवस्था तीच राहिली. पाचव्या चार्ल्सकडे सतरा प्रांत होते, शिवाय स्पेन होते, जर्मन साम्राज्य होते, अमेरिकेतला मुलूख होता. गैरहजेरी हा त्याच्या राज्यपद्धतीचा पायाच होता म्हणा ना!

२५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रुसेल्स येथे याच चार्ल्सने नेदरलँडच्या सत्तेचा त्याग केला. संधिवाताने खिळखिळा झालेला सम्राट त्या दिवशी बावीस वर्षांच्या एका तरुण सरदाराच्या खांद्यावर हात टेकून सभागृहात आला. तो तरुण म्हणजे ऑरेंजचा विल्यम. इतिहास कधी कधी इतका नाटकी वागतो की कादंबरीकाराने तसे लिहिले असते तर आम्ही नाक मुरडले असते. चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप १५५९ मध्ये स्पेनला निघून गेला आणि पुन्हा कधीही परतला नाही. जाण्यापूर्वी त्याने विल्यमला हॉलंड, झीलंड आणि उत्रेख्त या प्रांतांचा स्टाटहाउडर नेमले. राजा खरोखरच दूर, त्याच्या जागी खरोखरच एक माणूस. शब्द आणि वस्तुस्थिती यांची इतकी नेटकी जुळणी पुन्हा झाली नाही.

त्यानंतरचा घटनाक्रम परिचित आहे. प्रॉटेस्टंटांचा छळ, १५६६ चा मूर्तिभंग, १५६७ मध्ये आल्बाच्या ड्यूकचे सैन्यासह आगमन, विल्यमचे जर्मनीतल्या आपल्या वडिलोपार्जित गावी पलायन. त्याच्या रिकाम्या पदावर काउंट बोस्यू नावाच्या सरदाराची नेमणूक झाली. १ एप्रिल १५७२ रोजी बंडखोर दर्यावर्द्यांनी ब्रिल हे बंदर घेतले, हॉलंडमधली शहरे एकामागून एक उठली, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांचे प्रतिनिधी डोर्ड्रेख्त येथे जमले. तिथे त्यांनी जे ठरवले ते मासलेवाईक आहे. त्यांनी राजा झुगारला नाही. ऑरेंजचा विल्यम हाच राजाचा कायदेशीर स्टाटहाउडर आहे, त्याला रीतसर दूर केलेलेच नाही, असे त्यांनी मान्य केले. म्हणजे १५७२ मध्ये हॉलंडला दोन स्टाटहाउडर होते आणि दोघेही एकाच राजाच्या नावाने एकमेकांशी लढत होते. त्यांपैकी एकाला त्या राजाने नेमले होते. दुसऱ्याला त्या राजाविरुद्ध उठलेल्यांनी, राजाच्याच वतीने, कायम ठेवले होते.

याला ढोंग म्हणावे असा मोह होतो. आमच्या मते ते ढोंग नव्हते. निदान निव्वळ ढोंग नव्हते. सोळाव्या शतकातल्या माणसाला राजाविरुद्ध बंड करण्यासाठी भाषाच उपलब्ध नव्हती. उपलब्ध होती ती राजाच्या वाईट सल्लागारांविरुद्ध, राजाच्याच भल्यासाठी उठण्याची भाषा. 'स्टाटहाउडर' या शब्दाने ती पुरवली. राजाची जागा धरणारा माणूस राजापेक्षा अधिक राजनिष्ठ असू शकतो, राजा चुकतो तेव्हा त्याच्या जागेचे रक्षण त्याच्यापासूनच करू शकतो, अशी ती कल्पना. आज नेदरलँडचे राष्ट्रगीत असलेल्या 'विल्हेल्मुस'मध्येही विल्यमच्या तोंडी स्पेनच्या राजाचा आपण नेहमी मान राखला अशी ग्वाही आहे. फुटबॉलच्या सामन्यांपूर्वी हजारो डच लोक ती तन्मयतेने गातात, हे लक्षात आले की या शब्दाचा पल्ला कळतो. आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. लाइडन शहराने स्पॅनिश सैन्याचा भीषण वेढा सोसला. ३ ऑक्टोबर १५७४ रोजी तो उठला. त्या धैर्याचे बक्षीस म्हणून विल्यमने शहराला विद्यापीठ देऊ केले. १५७५ च्या आरंभी ते स्थापन झाले. सनद कोणाच्या नावाने काढायची? सार्वभौम राजाच्या! त्यामुळे स्पेनच्या कॅथलिक फिलिपने आपल्याच सैन्याला पिटाळून लावल्याबद्दल एका शहराला प्रॉटेस्टंट विद्यापीठ बहाल केले, अशी कागदोपत्री नोंद झाली. फिलिपला त्याचा पत्ता नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

ही कल्पना नऊ वर्षे टिकली. २६ जुलै १५८१ रोजी बंडखोर प्रांतांच्या महासभेने जाहीरनामा काढून फिलिपचे राजेपण संपुष्टात आणले. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नव्हे. मेंढपाळासारखे वागण्याऐवजी जो कळपावर तुटून पडतो तो राजा राहात नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्याचे नाव, त्याची मोहोर यापुढे वापरू नये, नाण्यांवरही ते नसावे, असा हुकूमही त्यात आहे. नाणी बदलली, मोहोर बदलली, शपथ बदलली. एक शब्द मात्र बदलला नाही. ज्याच्या जागी विल्यम होता तो काढून टाकला गेला, आणि विल्यम 'जागी असलेला'च राहिला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. १५८१ मध्ये प्रजासत्ताक स्थापन करण्याचा कुणाचा बेत नव्हता. राजा बदलायचा होता, राजेपण नाही. फ्रान्सच्या राजाचा भाऊ आंजूचा ड्यूक याला आणले, तो पुरता निकामी निघाला आणि जून १५८४ मध्ये वारला. दुसरीकडे हॉलंड आणि झीलंडच्या सभांनी विल्यमलाच काउंटपद देण्याची बोलणी जवळजवळ पूर्ण केली होती. ते झाले असते तर तो दुसऱ्या कुणाच्या जागी न राहता आपल्या स्वतःच्या जागी बसला असता आणि हा निबंध लिहिण्याचे आम्हाला कारण उरले नसते. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे बाल्थासार जेरार्ड नावाच्या मारेकऱ्याने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला राज्य देऊ केले, तिने ते नाकारून लेस्टरच्या अर्लला पाठवले, तो दोन वर्षांत सर्वांशी भांडून परत गेला. १५८८ च्या सुमारास या लोकांच्या लक्षात आले की राजा मिळत नाही, आणि त्याच्यावाचून चालले आहे. मधल्या काळात, १५८५ मध्ये, विल्यमचा सतरा वर्षांचा मुलगा मॉरिस याला हॉलंड आणि झीलंडच्या सभांनी स्टाटहाउडर नेमले होते. लेस्टरला शह म्हणून केलेली ती सोय. ती दोन शतके पुरली.

आता पाहा, काय रचना उभी राहिली. प्रांतसभांचा दावा असा की सार्वभौमत्व मुळातच आमचे. राजा आमच्या संमतीने होता, तो गेला, सत्ता आमच्याकडे परत आली. तेव्हा स्टाटहाउडर आमच्या जागी आहे, आमचा सेवक आहे. तर्क बिनतोड होता. परंतु राजाच्या काळापासून स्टाटहाउडरकडे चालत आलेला एक अधिकार कुणी काढून घेतला नव्हता. अनेक शहरांत कारभाऱ्यांची निवड करताना नगरमंडळाने दुप्पट नावांची यादी द्यायची आणि स्टाटहाउडरने तीतून निम्मी निवडायची, अशी रीत होती. या शहरांच्या कारभाऱ्यांमधूनच प्रांतसभेतले सदस्य जात. म्हणजे सभा स्टाटहाउडरला नेमणार आणि सभेत कोण येणार हे काही अंशी स्टाटहाउडर ठरवणार. धनी सेवकाला नेमतो आणि सेवक धनी निवडतो! भरीला सेनापतिपद आणि नौदलाचे प्रमुखपद ही वेगळी पदे त्याच माणसाला देण्याचा प्रघात पडला. आणि लोकांच्या मनात, विशेषतः शहरातल्या श्रीमंत घराण्यांवर चिडलेल्या सामान्य कारागिरांच्या आणि धर्मोपदेशकांच्या मनात, ऑरेंजचा राजपुत्र हा राष्ट्रपित्याचा मुलगा होता. त्याच्या नेमणूकपत्रात काय लिहिले आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

कुणाच्या जागी, या प्रश्नाचे पहिले रक्तरंजित उत्तर १६१९ मध्ये मिळाले. योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट हा हॉलंडच्या सभेचा विधिज्ञ सल्लागार. तीस वर्षे या राष्ट्राचा गाडा त्याने हाकला होता. मॉरिसची नेमणूक घडवण्यातही त्याचाच हात होता. धर्मशास्त्रातील एका वादावरून तंटा पेटला, शहरांनी स्वतःचे भाडोत्री सैनिक उभे केले, आणि मॉरिसने १६१८ मध्ये सैन्य घेऊन शहरोशहरी फिरून नगरमंडळांतले विरोधक काढून आपली माणसे बसवली. ओल्डेनबार्नेफेल्टला अटक झाली. खास नेमलेल्या न्यायमंडळापुढे तो शेवटपर्यंत सांगत राहिला की हॉलंड हा सार्वभौम प्रांत आहे, मी त्याचा सेवक आहे, माझा न्याय करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. घटनेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चुकीचे होते असे आम्हाला वाटत नाही. १३ मे १६१९ रोजी हेग येथे, जिथून त्याने कारभार केला त्याच वास्तूच्या चौकात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा तरुण सहकारी, 'मुक्त सागरा'च्या सिद्धान्ताचा कर्ता ह्युगो ग्रोशियस याला जन्मठेप मिळाली. तो १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत दडून किल्ल्यातून निसटला. ग्रंथांचा असा प्रत्यक्ष उपयोग फार थोड्या विद्वानांना झाला असेल. असो.

मॉरिसने सत्ता घेतली, पण पद बदलले नाही. राजा होण्याची हीच वेळ होती असे म्हणणारे त्याच्याभोवती असतीलच. तो स्टाटहाउडरच राहिला. त्याचा पुतण्या दुसरा विल्यम अधिक उतावळा. १६५० मध्ये त्याने हॉलंडच्या सभेतल्या सहा पुढाऱ्यांना कैद केले आणि आम्स्टरडॅमवर सैन्य पाठवले; सैन्य रात्रीच्या अंधारात वाट चुकले, हॅम्बुर्गच्या टपाल्याने शहराला आगाऊ खबर दिली, आणि वेशीचे दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात देवीच्या रोगाने तो गेला. त्याचा मुलगा आठ दिवसांनी जन्मला. हॉलंडने ही संधी साधली आणि जागा रिकामीच ठेवली.

१६५० ते १६७२ या काळाला इतिहासकार 'पहिला स्टाटहाउडरविहीन काळ' म्हणतात. नावात थोडी लबाडी आहे. फ्रीसलंड या उत्तरेकडच्या प्रांतात नासाऊ घराण्याची दुसरी शाखा या पदावर होती आणि तिथे ते पद या काळात कधीच रिकामे नव्हते. हॉलंड श्रीमंत, म्हणून हॉलंडची गैरसोय ती राष्ट्राची गैरसोय आणि हॉलंडचा काळ तो राष्ट्राचा काळ. इतिहासलेखनात असे होतेच. योहान द वित हा या काळाचा नायक. १६५३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो हॉलंडचा प्रमुख सल्लागार झाला; उत्तम गणिती, करारी, निर्लेप माणूस. त्याच्या काळात हॉलंडने १६६७ मध्ये एक कायदा करून स्टाटहाउडरपद आपल्या प्रांतापुरते रद्द केले आणि त्याला 'शाश्वत कायदा' असे नाव दिले. कुणाच्या जागी, या प्रश्नाचे हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते: कुणाच्याच नाही, तेव्हा जागाही नको. हा शाश्वत कायदा पाच वर्षे चालला. १६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप-राज्ये एकदम तुटून पडली. लोकांनी रस्त्यावर उतरून ऑरेंजच्या राजपुत्राची मागणी केली, जुलैमध्ये एकवीस वर्षांचा तिसरा विल्यम स्टाटहाउडर झाला, आणि २० ऑगस्ट रोजी हेग येथे तुरुंगातून बाहेर ओढलेल्या योहान आणि कोर्नेलिस या द वित बंधूंना जमावाने ठार करून त्यांच्या प्रेतांचे तुकडे केले. उलट्या टांगलेल्या त्या दोन देहांचे एक चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पदनामांची चर्चा ही कोरडी, पंडिती गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते जरूर पाहावे.

तिसऱ्या विल्यमची कथा इथे लांबवत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १६७५ मध्ये खेल्डरलंड प्रांताने त्याला ड्यूक होण्याचा प्रस्ताव दिला. म्हणजे पुन्हा एकदा, एका तरी प्रांतात, 'जागी' हा शब्द पुसण्याची संधी. त्याने इतर प्रांतांचे मत मागवले. आम्स्टरडॅमसारख्या शहरांनी नाराजी कळवली, आणि त्याने नकार दिला. पुढे १६८९ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला. तिथे संसदेने त्याचे हात असे बांधले की तो इंग्लंडचा स्टाटहाउडर आणि हॉलंडचा राजा आहे, अशी कोटी लोक करू लागले. कोटी म्हणून ती छान आहे. पण राजा असण्यापेक्षा राजाच्या जागी असण्यात अधिक सत्ता असू शकते, ही गोष्ट तिच्यात गंमतीने का होईना मान्य केलेली आहे.

युरोपात या शब्दावरून इतका झगडा चालला असताना आशियात डच व्यापाऱ्यांनी तो सोडवून टाकला होता, तोही एका थापेने. आपल्याकडे त्यांना वलंदेज म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांच्या नामावळीत त्यांचा उल्लेख आहे, आणि १६३७ पासून वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. या व्यापाऱ्यांना सगळीकडे एकच अडचण येई: तुमचा राजा कोण? आशियातल्या दरबारांत तह राजाराजांत होत, नजराणे राजाराजांत जात. आमचा राजा नाही, आमच्या सात प्रांतांच्या सभा आहेत, आणि ज्याचा शिक्का मोठा दिसतो तो माणूस त्या सभांचा नोकर आहे, असे सांगून मिरीचा करार कोण करणार? तेव्हा मॉरिस हा हॉलंडचा राजा झाला. १६०२ मध्ये अचेच्या सुलतानाचे वकील नेदरलँडला पोचले, त्यांची आणि मॉरिसची भेट त्याच्या लष्करी छावणीत झाली. १६०८ मध्ये सयामचे वकील हेगला त्याच्या भेटीस आले. जपानमध्ये तोकुगावा इएयासूच्या दरबारात त्याचे पत्र सादर झाले ते हॉलंडच्या राजाचे पत्र म्हणूनच. ज्या वर्षांत मायदेशी ओल्डेनबार्नेफेल्ट मॉरिसला सभेचा सेवक समजत होता, त्याच वर्षांत सभेच्याच सनदेवर चालणारी कंपनी त्याला अर्ध्या जगात राजा म्हणून मिरवत होती. भाषांतर हे निरुपद्रवी काम आहे असे मानणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

अठरावे शतक आम्ही भराभर ओलांडतो, कारण त्यात प्रश्न तोच आणि माणसे लहान. तिसरा विल्यम १७०२ मध्ये निपुत्रिक मेला, हॉलंडने पुन्हा पंचेचाळीस वर्षे जागा रिकामी ठेवली, १७४७ मध्ये फ्रेंच सैन्य सीमेवर येताच लोकांनी पुन्हा ऑरेंजचा पुकारा केला, आणि फ्रीसलंडच्या शाखेतला चौथा विल्यम सातही प्रांतांचा स्टाटहाउडर झाला. पद वंशपरंपरागत केले, स्त्रीवंशालाही खुले केले. चार वर्षांत तो वारला. मुलगा पाचवा विल्यम तीन वर्षांचा. मग प्रथम त्याची आई अॅन, नंतर आजी आणि ब्रन्सविकचा ड्यूक अशांनी १७६६ पर्यंत त्याच्या वतीने कारभार पाहिला. कुणाच्याच जागी नसलेल्याच्या जागी बसलेली ही माणसे. शब्दाची तार्किक परिणती याहून पुढे जाऊ शकत नाही. १७८१ मध्ये एका निनावी पत्रकाने जनतेला उद्देशून सांगितले की हा देश तुमचा आहे, स्टाटहाउडर तुमचा नोकर आहे. त्याचा लेखक व्हान डर कापेलन हा सरदार होता, हे त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने उघड झाले. 'कुणाच्या जागी' याचे तिसरे उत्तर त्या पत्रकात आले: राजाच्या नाही, सभांच्याही नाही, लोकांच्या. १७८७ मध्ये प्रशियाच्या संगिनींनी ते तूर्त दडपले.

जानेवारी १७९५ मध्ये नद्या गोठल्या, फ्रेंच सैन्य बर्फावरून चालत आले, आणि १८ तारखेला पाचवा विल्यम श्खेवनिंगनच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या होडीत बसून इंग्लंडला पळाला. मागे राहिलेल्यांनी पद रद्द केले. तरीही फेब्रुवारीत लंडनजवळच्या क्यू येथून त्याने केप, सिलोन, मलाक्का, कोचीन येथील डच अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली: इंग्रज फौजांना मित्र समजून आत घ्या. हे अधिकारी काय करणार? ज्याचे पद उरले नाही, ज्याचे राष्ट्र त्याच्या मागे नाही, त्याचा हुकूम हा हुकूम आहे का? दोन शतके हेगमध्ये विचारलेला प्रश्न आता हजारो मैलांवर, बुरुजावर उभ्या असलेल्या माणसांसमोर आला. सगळ्यांनी उत्तर सारखे दिले नाही. मलाक्का फारशी लढत न देता गेले. केपच्या लोकांनी लढून पाहिले. कोचीनच्या डच अधिकाऱ्याने दरवाजे उघडण्यास नकार दिला आणि इंग्रजांना ऑक्टोबर १७९५ मध्ये तो किल्ला वेढा घालून घ्यावा लागला. कोलंबो फेब्रुवारी १७९६ मध्ये पडले. पत्र मानले काय आणि न मानले काय, ठाणी इंग्रजांकडेच गेली. मलबारच्या किनाऱ्यावरची वलंदेजांची सव्वाशे वर्षांची सत्ता अशी संपली.

नेपोलियनचा डाव आटोपल्यावर, ३० नोव्हेंबर १८१३ रोजी, पाचव्या विल्यमचा मुलगा त्याच श्खेवनिंगनच्या किनाऱ्यावर उतरला. बाप १८०६ मध्येच परदेशात वारला होता. कुठल्या नावाने याला हाक मारायची, हा प्रश्न दोनतीन दिवसांत सुटला: त्याला 'सार्वभौम राजपुत्र' घोषित करण्यात आले, आणि १८१५ मध्ये तो राजा झाला. 'स्टाटहाउडर' हे नाव त्याने पुन्हा घेतले नाही. क्रमाने मोजले तर तो सहावा विल्यम व्हायला हवा होता. पण आधीचे पाचही जण दुसऱ्याच्या जागी होते. त्यामुळे मोजणी नव्याने सुरू झाली, आणि पाचव्या विल्यमचा मुलगा पहिला विल्यम म्हणून सिंहासनावर बसला.